फूसबॉल टेबल घेऊ की नको? भोसरीतल्या डिझाइन ऑफिसचा प्रश्न

फिक्स्चरवाला_५६
नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत माझं जिग-फिक्स्चर (मशीनवर काम करताना पार्ट धरून ठेवणारी साधनं) डिझाइनचं छोटं ऑफिस आहे. १४ माणसं, त्यातली ९ पंचविशीच्या आतबाहेरची. गेल्या दिवाळीपासून चौघं सोडून गेली. दोघं हिंजवडीला, एकाने कारण सांगितलं नाही, आणि चौथा जाताना म्हणाला, "सर, काम आवडतं, पण इथं बसवत नाही." हे काही डोक्यातून जाईना.

जागा सांगतो. वर्कशॉपच्या वरचा मजला, १,२०० चौरस फूट. १९९८ साली घेतली तेव्हा इथं दोन ड्रॉइंग बोर्ड आणि ड्रॉइंगच्या प्रती काढायचं एक अमोनिया प्रिंटचं मशीन होतं. (मशीन अजून आहे. बंद आहे, पण टाकवत नाही.) खिडक्या पश्चिमेला, त्यामुळे तीननंतर पडदे ओढून ट्यूबलाइट. शेजारी पॉवर प्रेस (पत्रा दाबून कापायचं यंत्र), त्याचा ठोका दिवसभर. मला तो आता ऐकूच येत नाही. माझं टेबल सगळ्यांच्या मागे. जेवण ज्याचं त्याच्या टेबलावर.

पुतण्याने एक इंटिरियरवाला आणला. त्याची थ्रीडी चित्रं अशी: पार्टिशन सगळी काढायची, भिंतीला प्लॅस्टिकचं गवत, त्यावर निऑनची इंग्रजी अक्षरं, चार बीन बॅग, एक फूसबॉल टेबल (दांड्या फिरवून खेळायचा टेबलावरचा फुटबॉल). ११ लाख. माझ्याकडे ६ आहेत, तेही एक अडकलेलं पेमेंट आलं तर. यानं पोरं टिकतात का?

उगाच_बोलतो
पगार वाढवा. बीन बॅग ते घरी घेतील.

फिक्स्चरवाला_५६
एप्रिलमध्ये वाढवला. त्यानंतरच दोघं गेले.

कोनमापक
साहेब, मी आर्किटेक्ट आहे, तरी माझ्याच धंद्याविरुद्ध सांगतो: पार्टिशन सरसकट काढू नका. गंमत म्हणजे ही पार्टिशनं जन्माला आली ती माणसांना मोकळं करायला. हर्मन मिलर या अमेरिकन फर्निचर कंपनीत रॉबर्ट प्रोप्स्ट नावाचा माणूस होता. १९६८ साली त्याने हलवता येणारी पॅनेल्स आणली, ज्याने त्याने आपल्या कामाप्रमाणे मांडावीत म्हणून. कंपन्यांनी त्यातलं "जागा वाचते" एवढंच उचललं आणि खुराडी केली. मग खुराड्यांचा राग आला तेव्हा सगळंच उघडं. पुढे हार्वर्डच्या बर्नस्टीन आणि टर्बन यांनी दोन कंपन्यांत ऑफिस उघडं करण्याआधी आणि नंतर माणसांच्या अंगावर सेन्सर लावून मोजलं. समोरासमोरचं बोलणं जवळजवळ ७० टक्क्यांनी कमी झालं, ईमेल वाढले. हे २०१८ मध्ये छापून आलंय.

तुमचा खरा शत्रू पश्चिमेचं ऊन आणि तो प्रेस. ऊन काचेच्या बाहेरच अडवा, पत्र्याची उभी लूव्हर्स (तिरप्या पट्ट्या) तुमच्या शॉपमध्येच बनतील. आतला पडदा ओढेपर्यंत उष्णता खोलीत आलेली असते. स्क्रीन खिडकीला काटकोनात ठेवा, समोर नको आणि पाठीलाही नको. सरकत्या खिडक्यांच्या फटींतून आवाज येतो, तिथं आतून दुसरी काच, मध्ये चार इंच पोकळी. आणि शेजाऱ्याला प्रेसखाली अँटी-व्हायब्रेशन पॅड टाकायला सांगा, कारण अर्धा ठोका जमिनीतून चढतो, तो काचेला जुमानत नाही.

तिरपी_रेघ
काका, मी २४ वर्षांची, चाकणला कॅडवर (कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करायचं सॉफ्टवेअर) काम करते. तुमच्या चौथ्या माणसाचं मी सांगू? तुमचं टेबल.

माझ्या आधीच्या ऑफिसात सर असेच मागे बसायचे. स्वभावाने चांगले, कधी एक शब्द बोलले नाहीत. तरी दिवसभर मानेवर कुणी हात ठेवल्यासारखं वाटायचं. विचार करताना आपण स्क्रीनवर असेंब्ली (जोडलेल्या पार्टचं मॉडेल) नुसती गोल फिरवत बसतो ना, तेव्हाही वाटायचं, यांना वाटत असेल ही खेळतेय. मग मी उगाच डायमेन्शन टाकल्यासारखं करायची.

घरून फोन आला की जिन्यात जायचं. डबा स्क्रीनसमोर, त्यात भेंडीचा वास आला की बाजूचा हसणार. बीन बॅगवर कुर्ता घालून बसा आणि सगळ्यांसमोर उठून दाखवा, मग बोलू.

मुली किती आहेत तुमच्याकडे? टॉयलेट कुठं आहे? तुम्ही लिहिलं नाहीत म्हणून विचारतेय.

फिक्स्चरवाला_५६
तीन. टॉयलेट खाली, शॉपचंच. तुझा प्रश्न वाचून विचारायला गेलो तर कळलं की आतली कडी कधीची तुटलीय, एक जाते तेव्हा दुसरी दाराशी उभी राहते. कुणी बोललं नाही मला. म्हणजे बोलता येईल असा मी नसेन.

फिक्स्चरवाला_५६
महिन्याने लिहितोय. पेमेंट अर्धंच आलं. वरच्या मजल्यावर वेगळं टॉयलेट झालं, सगळ्यात जास्त पैसे त्यातच गेले, ड्रेनेजची लाइन फिरवावी लागली. अमोनियाचं मशीन शेवटी भंगारात दिलं. त्या खोलीत सहा जणांचं टेबल बसलं, एक्झॉस्ट फॅन आहे, जेवण दोन पाळ्यांत. मी तिथं जात नाही, गेलो की गप्पा बंद होतात. लूव्हर्स लावलीत, चार वाजताही पडदा उघडा असतो.

माझं टेबल खिडकीशी नेलं, आता मला कुणाचाच स्क्रीन दिसत नाही. पहिला आठवडा फार जड गेला, सारखं मागे वळून बघायचो. आणि इथं बसल्यापासून तो प्रेस मला ऐकू यायला लागलाय! पॅडचं बोलणं शेजाऱ्याशी चालू आहे. तो म्हणतो, अर्धे पैसे तुम्ही द्या.

परवा एकाने राजीनाम्याचं विचारायला वेळ मागितला होता. अजून आलेला नाही. मीही विचारलं नाही.

जाता जाता: फूसबॉल टेबलाला ३,००० टोकन देऊन बसलोय. दुकानदार परत देत नाही, दुसऱ्याच्या नावावर करतो म्हणतो. कुणाला हवंय का?