अख्ख्या थेटरात मी एकटाच, एका तिकिटावर शो लावायला नकार देऊ शकतात का?

भांडुपकर_८१ (मंगळवार, रात्री ९:१०)

मंडळी, आज दुपारचं अजून डोक्यातनं जात नाहीये म्हणून लिहितोय, जरा लांबेल. सध्या माझी नाइट चालू आहे, म्हणजे सकाळी सातनंतर घरी, अकरापर्यंत झोप आणि मग दुपार मोकळी. शुक्रवारी लागलेला एक मराठी पिक्चर बघायचाच होता (नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर सगळी चर्चा पिक्चर बरा की वाईट यावर जाईल), आमच्या बाजूला तो एकाच मॉलमध्ये, दिवसातनं एकदाच, दुपारी सव्वाबाराला. ॲपवर बघितलं तर सगळ्या खुर्च्या मोकळ्या. एक घेतली, १८० रुपये.

दारावरच्या मुलाने तिकीट स्कॅनच केलं नाही, म्हणाला सर दोन मिनिटं थांबा. मग मॅनेजर आले. बोलणं अगदी नीट होतं त्यांचं, पण म्हणणं हे की तुमचं एकच तिकीट गेलंय, पाच तरी झाल्याशिवाय आम्ही सुरू करत नाही, पैसे परत घ्या नाहीतर बाजूच्या स्क्रीनला हिंदी पिक्चर सुरू होतोय तिथे बसवतो. मी म्हटलं मला हाच बघायचाय, उद्या येऊ का, तर उद्या हा शोच नाही. मग त्यांची फोनाफोनी झाली, मी पॉपकॉर्नच्या काउंटरशी पंधरा मिनिटं उभा, आणि शेवटी म्हणाले बसा आत.

आत दोनशेच्या वर खुर्च्या आणि मी. राष्ट्रगीत लागलं, उभा राहिलो. इतकी वर्षं थेटरात राष्ट्रगीत ऐकतोय पण स्वतःचा आवाज कधी ऐकू आला नव्हता, आज शेवटपर्यंत गायलो, अगदी मोठ्याने. पिक्चरमध्ये एक जागा आहे, आई डबा भरता भरता हात थांबवते आणि तशीच उभी राहते, कोणी काही बोलत नाही, तिथे मला रडू आलं आणि मी ते पुसलंही नाही, कोणापासून लपवायचं होतं.

इंटरव्हलला साफसफाईच्या मावशी झाडू घेऊन आल्या, एकटेच का हो असं विचारलं, आणि झाडण्यासारखं काही नव्हतंच म्हणून पायरीवर टेकल्या. पुढची दहाएक मिनिटं आम्ही दोघांनी बघितला. मग त्यांना कोणीतरी हाक मारली. शो सुटल्यावर बाहेर भेटल्या तर पहिला प्रश्न, त्या पोराचं पुढे काय झालं? मी पॅसेजमध्ये उभा राहून त्यांना सगळी गोष्ट सांगितली.

तर मला खरंच जाणून घ्यायचंय, एका प्रेक्षकासाठी शो लावायचा नाही असं ते करू शकतात का? आणि माझ्या त्या एका तिकिटाने पिक्चर बनवणाऱ्यांना काही मिळतं का, की फक्त माझं समाधान? रिकाम्या थेटरात बघितलेला पिक्चर तुमच्यापैकी कोणाला आठवतोय का तेही सांगा.

शुक्रवार_ते_गुरुवार

दादा, मी एका छोट्या वितरकाकडे काम करतो त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो. मिळतं. २००९ मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाल्यांचं मोठं भांडण झालं होतं, आठवत असेल, दोन महिने नवीन हिंदी पिक्चर लागले नव्हते, त्यात जे ठरलं ते ढोबळमानाने अजून चालतं: कर वजा करून जे उरतं त्यातला वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि चौथ्यापासून ३०. तुमच्या १८० मध्ये १८ टक्के जीएसटी धरला तर मूळ तिकीट साधारण १५२ चं, म्हणजे पहिल्या आठवड्यात ७६ रुपये पिक्चरच्या बाजूला आले. हेच तिकीट तुम्ही चौथ्या आठवड्यात काढलं असतं तर ४५ च्या आसपास. म्हणून आम्ही सगळे पहिल्या आठवड्यात या, पहिल्या आठवड्यात या म्हणून जीव तोडून सांगत असतो.

पण ७६ रुपयांपेक्षा मोठी गोष्ट वेगळी आहे. सोमवार-मंगळवारचे आकडे बघून पुढच्या शुक्रवारचे शो ठरायला लागतात. सव्वाबाराच्या शोसमोर शून्य दिसलं की तो शो गेलाच समजा. एक दिसलं तरी बहुतेक जातो, पण निदान आमच्या माणसाला फोनवर भांडायला काहीतरी असतं, की बाबा कामाच्या दिवशी भर दुपारी शो ठेवलास, तरी माणूस आला ना, संध्याकाळचा देऊन बघ. आणि नोकरी करणारा माणूस मंगळवारी सव्वाबाराला येणार कुठून? २०१५ साली सरकारने मल्टिप्लेक्समध्ये मराठीला प्राइम टाइम द्यायचं ठरवलं तेव्हा आधी संध्याकाळी ६ ते ९ म्हटलं होतं, मग ते दुपारी १२ ते रात्री ९ झालं. तुमचा सव्वाबाराचा शोसुद्धा त्या हिशेबात प्राइम टाइममध्येच येतो बघा. मला याचा दर आठवड्याला त्रास होतो.

नकाराचं म्हणाल तर शो रद्द करून पैसे परत करणं हे सर्रास चालतं, तिकिटाच्या अटींमध्ये तशी सोय ठेवलेली असते. पण तुम्ही थांबलात ते फार बरं केलंत. बरेच जण परत जातात.

जुना_ऑपरेटर

तुम्ही नाइट करून पिक्चरला गेलात हे वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितो. मी १९७९ ला परळ भागातल्या एका थेटरात हेल्पर म्हणून लागलो, नंतर ऑपरेटर झालो. ते थेटर आता नाही. आमच्या मॅटिनीचं पब्लिक म्हणजे तिसऱ्या पाळीचे गिरणी कामगार, रात्रभर काम, सकाळी ७ ला बाहेर. खोलीवर वीस वीस माणसं, दिवसा झोपायला जागा मिळायची नाही, मग खानावळीत जेवून थेट मॅटिनीला. काही जण अर्धा पिक्चर बघायचे, अर्धा झोपायचे, आणि आमच्या डोअरकीपरने कधी कोणाला उठवलं नाही.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. पहिले काही आठवडे उलट गर्दी वाढली कारण माणसं मोकळी होती आणि सगळ्यांना वाटत होतं दोन महिन्यांत मिटेल. मग गावाला जाऊ लागली. पावसाळ्यापर्यंत नऊशे खुर्च्यांच्या थेटरात मॅटिनीला सात, आठ, पाच असं चालू झालं. वरून केबिनच्या खिडकीतून बघायचो तर डोकी मोजता यायची, आणि कोण आज आलं नाही ते पण कळायचं.

तेव्हा शो लावायचा नाही हा विचारच नव्हता. दोन हजार फुटांचं एक रीळ, साधारण बावीस मिनिटं चालायचं, दोन मशीन, एकावर चालू असलेलं संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर ठिपका यायचा, पहिल्या ठिपक्याला दुसरी मोटर चालू करायची, दुसऱ्याला बदल. हे तुम्ही पाच जणांसाठी करा की नऊशे जणांसाठी, काम तेवढंच, आणि चूक झाली तर शिट्टी पण तशीच पडायची! एकदा तीनच माणसं होती आणि मी ठिपका चुकवला, पडदा पांढरा झाला, तर खालून एक म्हातारे कामगार ओरडले, "अरे आम्ही आहोत इथे." चाळीस वर्षं झाली, तो आवाज अजून तसाच आठवतो मला.

आता सगळं सर्व्हरवर असतं, पिक्चरच्या फाइलला चावी असते, ठराविक तारखेपासून तारखेपर्यंतच उघडते, वेळ लावून ठेवली की लॅम्प आपोआप लागतो. तुमच्यासाठी वर केबिनमध्ये बहुतेक कोणीही नसेल. म्हणूनच त्या बाई पायरीवर बसल्या ते वाचून मला फार बरं वाटलं.

लोकल_९_०३

वेगळं मत मांडतो, राग मानू नका. एका माणसासाठी दोनशे खुर्च्यांचा हॉल थंड करायचा, अडीच तास लॅम्प जाळायचा, हे मला पटत नाही. मॅनेजरने पैसे परत देऊ केले होते, त्यात त्याची चूक काय? तो पण वरच्यांना हिशेब देतो. त्यापेक्षा तीन रिकाम्या शोंच्या ऐवजी रविवारी सकाळी एक शो नीट जाहिरात करून लावा, पन्नास माणसं येतील, मी स्वतः येईन.

शुक्रवार_ते_गुरुवार

@लोकल_९_०३ मॅनेजरची चूक नाहीच, मी त्यांच्याशी रोज बोलतो, चांगली माणसं आहेत. रविवार सकाळचं म्हणाल तर आम्ही मागतो हो तो शो. रविवारचा हॉल छोट्या पिक्चरला कोण देणार, तो तर मोठ्या पिक्चरने भरतो. आम्हाला जे मिळतं ते मंगळवार दुपारच मिळते.

माहीमची_वाचक

मला दोन्ही अनुभव आहेत, चांगला आणि भीतीचा, आणि दुसऱ्याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून तो आधी. दोन वर्षांपूर्वी वीकडेला सकाळच्या शोला गेले, मी एकटी आणि मागून दोन पुरुष आले, अख्खा हॉल मोकळा असताना बरोब्बर माझ्या मागच्या रांगेत बसले. काही केलं नाही त्यांनी, पण मला पिक्चरमधलं एक वाक्य ऐकू आलं नाही, सगळं लक्ष पाठीकडे. वीस मिनिटांनी उठून बाहेर आले आणि तिकीट तपासणाऱ्या मुलीला सांगितलं, तिने काही न विचारता मला दाराजवळची कडेची खुर्ची दिली आणि मधूनमधून डोकावून गेली. तेव्हापासून मी रिकाम्या शोला जाते ती कडेचीच सीट घेऊन, आणि आत जाण्याआधी दारावर जे कोणी असेल त्यांच्याशी दोन शब्द बोलून, म्हणजे आत एक बाई एकटी आहे हे कोणाला तरी माहीत असतं. बायांनो, यात संकोच वाटून घेऊ नका.

चांगला अनुभव दादरचा. बाबा गेल्यावर आई चार महिने घराबाहेर पडली नव्हती. तिला बळेच दुपारच्या शोला नेलं, थेटरात आम्ही धरून सहा जण. पिक्चर विनोदी होता. आणि विनोदी पिक्चर रिकाम्या थेटरात बघणं फार कठीण, एकट्याने हसू फुटत नाही, आपलंच हसू ऐकू येतं आणि मग तोंडावर हात जातो. पहिला अर्धा तास सहाही जण गप्प. मग पुढच्या रांगेतल्या एका आजोबांना असं काही हसू आलं की ते खोकायला लागले, आणि आई हसली. चार महिन्यांनी पहिल्यांदा. मग सगळेच हसायला लागलो. हॉल भरलेला असता तर मला तिचं हसणं वेगळं ऐकू आलं नसतं.

कान_देऊन

साउंडचं काम करतो म्हणून एवढंच. रिकाम्या हॉलमध्ये जास्त थंडी वाजते ती खरीच असते, बसल्या जागी एक माणूस साधारण १०० वॅट उष्णता सोडतो, दोनशे माणसं म्हणजे २० किलोवॅटचा हीटर झाला, तो नसला की एसी अंगावर येतो, शाल न्या. आणि जागा निवडायची मुभा असेल तर पडद्यापासून मागच्या भिंतीपर्यंतच्या अंतराच्या दोन तृतीयांशावर मधोमध बसा, आवाज बसवताना आम्ही तिथेच माइक लावतो. कपडे आणि माणसं आवाज शोषतात, म्हणून चांगल्या थेटरात खुर्च्यांची गादी अशी घेतात की रिकामी खुर्चीसुद्धा माणूस बसल्यासारखाच आवाज शोषेल. म्हणजे भांडुपकर, तुम्ही ऐकलात तो आवाज बराचसा आम्हाला हवा होता तसाच ऐकलात.

माहीमच्या ताई, तुमची आईची गोष्ट घरी वाचून दाखवली.

भांडुपकर_८१ (शुक्रवार, दुपारी ३:३०)

सगळ्यांचे मनापासून आभार, काका तुमचे विशेष. माझे आजोबा पण तिसऱ्या पाळीला होते, लालबागला, ते मॅटिनीला झोपायला जायचे हे घरात कधी कोणी बोललं नव्हतं, काल आईला विचारलं तर म्हणाली हो, जायचे की.

@लोकल_९_०३ राग कसला, वीज जाते हे खरंच आहे, मलाही तिथे उभं असताना तेच वाटून परत फिरावंसं वाटलं होतं. पण उद्या शोच नाही म्हटल्यावर पाय निघेना.

आज नवीन यादी आली. आमच्या मॉलमधून पिक्चर गेला. आता माझ्या आसपास फक्त कल्याणला एक शो उरलाय, सकाळी ९:४५ चा. उद्याची तीन तिकिटं काढलीत, मी, आई आणि त्या साफसफाईच्या मावशी. नाइट संपवून सरळ स्टेशनवर भेटतोय. मावशी म्हणाल्या गोष्ट तुम्ही सांगितलीत हो, पण ती आई पुढे उभी कशी राहते ते मला बघायचंय.

ॲपवर मघाशी बघितलं तर आमच्या तीन सोडून अजून दोन खुर्च्या गेल्यात. कोणी इथलं आहे का?

लोकल_९_०३

एक माझी आहे. एफ-९.