'पोलिस', 'आस्तू', 'अगोरा' : ग्रीक नगररचनेतील शब्दांना मराठीत काय म्हणावे?

प्रश्न :
प्राचीन ग्रीक नगररचनेवरील एका लेखाचा अनुवाद करताना 'पोलिस' या शब्दापाशी अडलो आहे. शाळेपासून 'नगरराज्य' हाच प्रतिशब्द आपल्याला ठाऊक आहे. परंतु मूळ लेखात 'पोलिस' कधी राज्य, कधी शहर, तर अथेन्सच्या संदर्भात एके ठिकाणी चक्क टेकडीवरचा किल्ला या अर्थाने येतो. 'आस्तू' आणि 'अगोरा' यांना अनुक्रमे 'शहर' आणि 'बाजार' म्हटले तर चालेल का? मूळ शब्द देवनागरीत तसेच ठेवावेत, तर 'पोलिसचे नागरिक' हे वाचताना डोळ्यांसमोर खाकी गणवेश उभा राहतो.

प्रतिसाद :
खाकी गणवेश अगदीच परका नाही. आपला 'पोलीस' इंग्रजीमार्गे आला असला, तरी त्याचे मूळ 'पोलिस'वरून घडलेल्या 'पोलितेइआ' या शब्दातच आहे.

किल्ल्याच्या अर्थाचा उलगडा ग्रीक इतिहासकार थुसिडिडीस करतो. पूर्वी अक्रोपोलिस ही टेकडी आणि त्याच्या दक्षिणेचा पायथा एवढीच वस्ती होती, म्हणून अथेन्सचे लोक अजूनही अक्रोपोलिसला नुसते 'पोलिस' म्हणतात, असे तो सांगतो. तेथे 'बालेकिल्ला' हा शब्द चपखल बसेल. त्याच्याच ग्रंथात, अथेन्सच्या सिसिलीवरील मोहिमेची धूळधाण झाल्यावर, सेनापती निकियास सैनिकांना सांगतो की पोलिस म्हणजे माणसे, माणसांवाचून रित्या भिंती किंवा जहाजे नव्हेत. तेथे मात्र 'बालेकिल्ला' नाही, 'नगर' नाही आणि 'नगरराज्य'ही धड नाही. म्हणून मूळ शब्द ठेवून पहिल्या उल्लेखापाशी त्याचा अर्थ उलगडावा, हे बरे.

'आस्तू' म्हणजे प्रत्यक्ष बांधलेले शहर आणि 'खोरा' म्हणजे त्याभोवतीचा शेतशिवार. दोन्ही मिळून पोलिस. आपल्याकडे वस्तीच्या जागेला 'पांढरी' आणि कसत्या जमिनीला 'काळी' म्हणतात, आणि गाव म्हणजे दोन्ही. अर्थाची जुळणी इतकी नेमकी क्वचितच सापडते. तरीही अथेन्सच्या आस्तूला भाषांतरात 'पांढरी' म्हणू नये, कारण त्या शब्दाला खेड्याचा वास आहे. समजावून सांगताना मात्र तो जरूर वापरावा.

'अगोरा'ला 'बाजार' म्हटले की निम्मा अर्थ गळतो. ज्या धातूवरून हा शब्द आला, त्याचा अर्थ गोळा करणे असा आहे, आणि होमरच्या काव्यात अगोरा म्हणजे सभा. पुढे त्याच शब्दापासून सभेत बोलण्याचे एक क्रियापद झाले आणि विकत घेण्याचे दुसरे. चावडी आणि बाजार यांना एकाच शब्दात कोंबणे मराठीत जमत नाही. ॲरिस्टॉटललाही हे एकत्र नांदणे पसंत नव्हते. खरेदी-विक्रीचा अगोरा वेगळा असावा आणि दुसरा मालापासून मुक्त ठेवावा, असे तो सुचवतो. अथेन्समध्ये या जागेच्या हद्दीवर रोवलेले दगड सापडले आहेत आणि त्यांवर कोरले आहे, 'मी अगोराची सीमा आहे'. दगडच प्रथमपुरुषी बोलतो. अनुवादात ते तसेच ठेवावे, 'येथे अगोराची हद्द आहे' असे सपाट करू नये.

आता न विचारलेली एक गोष्ट. लेखात इसवी सनपूर्व 5व्या शतकातील मिलेटसच्या हिप्पोडेमसला 'नगररचनेचा जनक' म्हटले असेल, तर ते जपून घ्यावे, कारण सिसिलीतील मेगारा हिब्लाया या ग्रीक वसाहतीत इसवी सनपूर्व 8व्या शतकातच आखीव रस्ते होते. ॲरिस्टॉटलने हिप्पोडेमसच्या कामासाठी योजलेला शब्द 'विभागणी' असा आहे, आणि अथेन्सच्या पिरियस बंदराविषयी तर हिप्पोडेमसने ते 'कापून काढले' असे म्हटले आहे. आपण प्लॉट 'पाडतो', तसेच हे. उत्तर ग्रीसमधील ओलिंथस या शहराचे अवशेष पाहिले की क्रियापदाचा नेमकेपणा पटतो : एका पट्ट्यात पाच-पाच घरांच्या दोन रांगा, पाठीला पाठ लावून, आणि मध्ये पाणी वाहून जाण्यापुरता अरुंद बोळ. 'रचना' या शब्दात हे कापणे उमटत नाही; 'आखणी' अधिक जवळचा.

प्रश्नकर्ता :
पांढरी-काळीचा दाखला मनापासून पटला. एक शेवटची अडचण : 'आस्तुनोमोस' या अधिकाऱ्याला 'कोतवाल' म्हणावे काय?

प्रतिसाद :
म्हणू नये. कोतवाल म्हटले की चोर आणि पहारा आठवतो. अथेन्सचे दहा आस्तुनोमोस चिठ्ठ्या टाकून निवडले जात. त्यांतील पाच पिरियसमध्ये आणि पाच शहरात काम पाहत. मैला वाहणाऱ्यांनी तटापासून दहा स्टेडियांच्या (सुमारे दोन किलोमीटरच्या) आत घाण टाकू नये, इमारती रस्त्यात घुसू नयेत, सज्जे रस्त्यावर लोंबू नयेत, उंचावरच्या पन्हळीचे पाणी वाटसरूंच्या अंगावर पडू नये आणि खिडक्यांची दारे रस्त्याकडे उघडू नयेत, हे पाहणे त्यांच्याकडे असे. हे काम पालिकेच्या स्वच्छता आणि अतिक्रमण या दोन्ही विभागांचे आहे. मी 'नगरनिरीक्षक' लिहीन, आणि पन्हळ व सज्जा हे दोन्ही शब्द मात्र तसेच ठेवीन.