सीपीयू ९५ अंशांवर, मग मशीन बंद

प्रश्न: डेस्कटॉप पाच वर्षं जुना. व्हिडिओ एडिटिंगला बसलो की सीपीयू (आतला प्रोसेसर) ९५ अंश सेल्सिअसवर जातो, पंखा घोंघावतो आणि मशीन आपोआप बंद. कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात आहे. काय करू?

उत्तर १: आधी कप्प्यातून बाहेर काढा! बाहेर टाकलेली गरम हवाच परत आत ओढली जातेय.

उत्तर २: धूळ पाहिलीत? माझ्या हीटसिंकवर (सीपीयूची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) अक्षरशः गोधडी निघाली. वायर काढून ब्लोअर मारा, पण पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. सुसाट फिरलं तर बेअरिंग जाऊ शकतं. तरीही तापलं तर थर्मल पेस्ट (सीपीयू आणि हीटसिंकच्या मधला, उष्णता पुढे नेणारा लेप) वाळली असेल. जुनी पुसून वाटाण्याएवढीच नवी लावा. (मी पहिल्यांदा लोण्यासारखी थापली होती.)

प्रश्नकर्ता: बाहेर काढून धूळ झाडली, आता ७८. पेस्ट रविवारी.