लोटस एलिस: ओल्या वळणावर पुढची चाके बाहेर का सरकतात?

प्रश्न
इंग्लंडमधील नॉरफकला मित्राची पहिल्या पिढीची लोटस एलिस ही स्पोर्ट्स कार चालवण्याचा योग आला. १.८ लिटरचे रोव्हर इंजिन आसनांच्या मागे आहे आणि गाडीचे वजन जेमतेम ७२५ किलो आहे. पॉवर स्टिअरिंग नसूनही स्टिअरिंग हलके आहे आणि रस्त्याचा खडबडीतपणा थेट हातांना कळतो, हे मला विलक्षण आवडले. मात्र ओल्या वळणावर शिरताना पुढची चाके बाहेर सरकू लागली. हा गाडीचा स्वभाव आहे की चालवण्याची पद्धत बदलावी?

प्रतिसाद १
स्वभावच आहे. इंजिन मागच्या आसाच्या (ॲक्सलच्या) पुढे असले तरी निम्म्याहून बराच अधिक भार मागच्या चाकांवर असतो. त्यामुळे ब्रेक वळणाआधी सरळ रेषेत लावावा आणि वळताना तो एकदम न सोडता हळूहळू सोडावा, म्हणजे पुढच्या टायरांवर भार टिकतो व त्यांची पकड वाढते.

प्रतिसाद २
सहमत. परंतु वळणाच्या मध्यावर घाबरून ॲक्सिलरेटर अचानक सोडू नये, ही सूचना मला अधिक महत्त्वाची वाटते; तसे केल्यास मागच्या चाकांवरचा भार कमी होऊन त्यांची पकड सुटू शकते. जड भाग मध्याजवळ असल्याने ही गाडी चटकन वळते, आणि त्याच कारणाने मागच्या चाकांची पकड सुटल्यास ती तितक्याच चटकन गिरकी घेते. या गाडीत एबीएसही (जोरात ब्रेक लावल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही.

प्रतिसाद ३
टायरांचे वय आणि हवेचा दाब आधी तपासा. इतक्या हलक्या गाडीत दाबातील लहानसा फरकही स्पष्ट जाणवतो.