मदत हवी आहे: १९९३ च्या भूकंपानंतरच्या 'संवाद सहायक'

किल्लारी भूकंपानंतर घरदुरुस्तीची माहिती घरोघरी पोचवायला गावातल्याच बायका 'संवाद सहायक' म्हणून नेमल्या होत्या. माझी आई त्यातली एक. माळवदावरची माती कमी करा, भिंतीत आरपार काँक्रीटचे जोड घाला, हे ती चुलीपाशी बसून समजावायची. (पुरुषमंडळी आधी हसायची!)

३० सप्टेंबरला गावात या बायकांचा सत्कार करायचाय. आईच्या वहीत सात-आठ नावं आहेत, पण नुसती पहिली. आडनावं तिलाही आठवत नाहीत. ग्रामपंचायतीत विचारलं, जुनं दप्तर वाळवीनं खाल्लंय. औसा तालुक्यातलं गाव आहे, पुनर्वसित नाही, दुरुस्तीतलं. मी पुण्यात असतो, एकदाच रजा काढून येता येईल.

गाववार संवाद सहायकांची यादी लातूरला नेमकी कुठल्या दप्तरात मिळेल, आणि अर्ज कुणाच्या नावे करायचा?