दूरस्थ एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) म्हणजे नुसता कागद?

अक्राणीची_वाट
काल इथे एका सरांनी लिहिलं, "दूरस्थ एमपीएच म्हणजे भिंतीवर टांगायचा कागद. शिकायचं असेल तर कॅम्पसला या." राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितेय. मी याच अभ्यासक्रमाला साथरोगशास्त्र शिकवते. माझे विद्यार्थी नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव, मोलगी, नवापूरकडचे सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी), सिस्टर, आरोग्यसेवक. आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र हा निकष. ही माणसं दोन वर्षं पुण्याला जाऊन बसली तर त्या उपकेंद्राचं कुलूप कोण काढणार?

गेल्या सत्रात स्वाध्याय दिला होता: आपल्याच गावातलं बालकांच्या वजनाचं रजिस्टर उघडा आणि शेवटचे अंक तपासा. एका सिस्टरने फोटो पाठवला. अख्खा रकाना आठ, साडेआठ, नऊ, साडेनऊ. मधलं काहीच नाही! काटा शंभर ग्रॅमपर्यंत दाखवतो, लिहिणारा अर्ध्या किलोवर आणून ठेवतो, आणि कुपोषणाची श्रेणी ठरते याच आकड्यावरून. कॅम्पसच्या मुलाला हा धडा पुस्तकातल्या तक्त्यात भेटतो. हिने अंगणवाडीत बसून वजनं पुन्हा घेतली.

गिरणाकाठ
ताई, ते लिहिणारा मीच. यूजीसीने 2025 मध्ये मानसशास्त्र, पोषणशास्त्रासकट आरोग्याचे अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीतून बंद केले, ते उगाच? ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातलं क्लोरीन तपासायची चाचणी, व्हिडिओवर कशी शिकवणार? ऑर्थोटोलिडिन टाकल्यावर पहिल्या दहा सेकंदांतला पिवळा रंग मुक्त क्लोरीनचा. नंतर गडद होतो त्यात संयुक्त क्लोरीनही आलं. शेजारी उभं राहून "आत्ता बघ" म्हणणारं कोणीतरी लागतं.

केळीपट्टा_रावेर
ओटीचं नाव निघालंच आहे तर बोलतो. आमच्याकडे टीसीएलची (पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरची) गोणी तोंड उघडं टाकून कोपऱ्यात पडलेली असते. ओल धरलेली, वास उडालेला. तीच पावडर टाकीत, आणि वहीत "शुद्धीकरण केले". त्या पावसाळ्यात माझ्या पोरीला कावीळ झाली. डिग्री कुठली का असेना, त्या गोणीचं तोंड कोण बांधणार?

आरोग्यसेवक_शहादा
भो, खापर आमच्यावर नको. नमुने आम्ही घेतो, खराब निघाला तर लेखी कळवतो. पावडर आणायची आणि टाकायची ग्रामपंचायतीने. टाकीवर चढणाऱ्या माणसाला महिनोन्‌महिने पगार नसतो, तो तरी काय करेल?

केळीपट्टा_रावेर
लेखी कळवता, मग तो अहवाल चावडीवर का लागत नाही? तुम्ही एकमेकांना कागद पाठवता, पाणी आम्ही पितो!

आरोग्यसेवक_शहादा
तोंड सांभाळून बोला. भर पुरात नाला ओलांडून पाड्यावर औषधं घेऊन मी गेलोय, तुम्ही नाही.

अक्राणीची_वाट
दोघंही थांबा. ताज्या पावडरीत साधारण 33 टक्के क्लोरीन असतं, उघड्यावर आणि ओलीत ते झपाट्याने उतरतं. रावेरभाऊंचा राग रास्त आहे. पण ही गोणी रोज डोळ्यांसमोर असते ती गावात काम करणाऱ्यालाच, आणि शिकायची सोय त्यालाच नाकारायची?

सातपुड्याची_लेक
मी या अभ्यासक्रमाची विद्यार्थिनी. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली की आई रडायला लागते. ती चाचणी वाहक आणि रुग्ण यांत फरक करत नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस ही पुढची रक्ततपासणी लागते. हे घरच्यांना नीट समजावायला मी रेकॉर्ड केलेल्या लेक्चरमधून शिकले. पाड्यावर रेंज नाही, बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेले की डाउनलोड करून आणायचे. मात्र सरांचं एक खरं आहे. प्रबंधाचे मार्गदर्शक फोन उचलत नाहीत. कॅम्पसवर असते तर त्यांच्या दारात जाऊन बसले असते.

गिरणाकाठ
तेच म्हणतोय मी! रजिस्टरचा स्वाध्याय चांगला आहे, एवढं मान्य. माझ्या वर्गालाही देईन. पण महिनाभराचं प्रत्यक्ष शिबिर सक्तीचं करा, नाहीतर पदवी देऊ नका.

अक्राणीची_वाट
कंत्राटी सिस्टरला महिन्याची रजा कोण देतो, सर? पगार कापला जातो. नंदुरबारला शनिवार-रविवार शिबिर लावा, ते सक्तीचं करा, माझी ना नाही. मार्गदर्शकाने आठवड्याला एक ठरलेला फोन करायचा, हेही नियमात घाला. आणि ओटी तुम्ही शिकवायला या. जळगावहून नंदुरबारला थेट रेल्वे आहे.