कोकण कृषी विद्यापीठाची सुरुवात नक्की कुठून धरायची?

काजूबी:
शाळेच्या फलकासाठी दापोलीच्या विद्यापीठाचा इतिहास लिहितोय. स्थापना १९७२, पण वेंगुर्ल्याचं केंद्र १९५७ चं म्हणतात. मेळ कसा घालू?

खाजणकाठ:
दोन्ही बरोबर. संशोधन केंद्रं आधी, विद्यापीठ नंतर. कर्जतचं भात केंद्र १९१९ चं, भाट्ये नारळ १९५५, वेंगुर्ले फळं १९५७, दापोलीचं कृषी महाविद्यालय १९६५. १९६८ मध्ये राज्याला एकच कृषी विद्यापीठ मिळालं. कोकणचं वेगळं झालं १८ मे १९७२ ला आणि ही सगळी त्याच्याकडे आली. फलकावर प्रत्येक केंद्राचं साल वेगळं लिहा, नाहीतर वेंगुर्लेही १९७२ चं होऊन बसतं. शिरगावचं मत्स्य महाविद्यालय मात्र नंतरचं, १९८१ चं. विद्यापीठाच्या नावातलं ‘डॉ. बाळासाहेब सावंत’ही नंतरचं. जुन्या कागदावर शोधू नका.

कलमवाला_देवगड:
नुसती सालं कोण वाचणार? रत्ना आंब्याचं लिहा. नीलम आणि हापूसचा संकर, वेंगुर्ल्याचा, १९८१. हापूस वरून सोन्यासारखा, पण कापला की कोयीलगत पांढरट, स्पंजासारखा, आंबट गर निघतो. तोच साका. बाहेरून कळत नाही, म्हणून पेटीच परत येते. रत्नात साका नाही. पुढे रत्ना आणि हापूसच्या संकरातून सिंधू आला, कोय अगदी पातळ. काजूत वेंगुर्ला-४ आणि ७ या जाती. सातची बी साधारण १० ग्रॅमची, चारची पावणेआठ.

काजूबी:
मग फलकावर कापलेल्या आंब्याचं चित्रच काढतो.